काकांनी उभी केलेली माणसं

स्क्रीनवर बीम आला की काका खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली घालायचे. खरोखर घालायचे. मी ऑफिसात नवा होतो तेव्हा मला वाटलं, यांची मान धरली असेल. मग एकदा नीट पाहिलं. मॉडेलमध्ये आम्ही एका गोदामाच्या तळमजल्यावरून चाललो होतो, पुढं ठेंगणा बीम आला आणि काकांनी डोकं वाचवलं. बीम मागं गेल्यावर पुन्हा ताठ झाले. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतंच. मॉडेल उघडायचं म्हणजे साइटवर जायचं, आणि साइटवर बोडक्यानं जायचं नाही, असा त्यांचा नेम होता. ऑफिस एसीचं, खाली फरशी, वर खोटं छत. आणि मधे हेल्मेट घातलेला साठीचा माणूस. नवा क्लायंट आला की आधी त्यांच्याकडं बघायचा, मग आमच्याकडं.

मी फार बोलणारा माणूस नाही. हे लिहायलाही मला तीन वर्षं लागली. या माणसाला स्वतःच्या डोक्यावर जितका भरवसा होता तितका मी दुसऱ्या कुणाला असलेला पाहिला नाही, आणि तो भरवसा मी मोडला. कसा मोडला ते सांगता येईल. मला काय झालं होतं ते मात्र अजून मलाच नीट कळत नाही.

आमचं ऑफिस चिंचवडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. चाकणकडचे कारखाने, गोदामं, मधूनच एखादी सोसायटी, यांची मॉडेलं आम्ही करतो. इमारत जागेवर उभी राहण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये पुरी बांधून काढायची. खांब, भिंती, पाण्याचे पाइप, वायरींचे ट्रे, सगळं. मग मशीनला विचारायचं, कोण कुणाच्या अंगात घुसतंय? पाइप बीममधून आरपार जात असेल तर ती जागा लाल दिसते. त्याला क्लॅश म्हणतात. लाल संपलं की आमचं काम संपलं.

काका मूळचे आयटीआयवाले ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडून काढायच्या जमान्यातले. एका कंपनीतून निवृत्त झाले आणि आमच्याकडं आले. राहायला कासारवाडीत, तिथलंच जुनं गावकरी घर. चाळीस वर्षं साहेबांत काढूनही बोली मावळीच राहिली होती. मॉडेल त्यांनी पन्नाशीनंतर शिकून घेतलं, पण त्यात फिरायची पद्धत स्वतःची. आम्ही पोरं, म्हणजे तेव्हा चाळिशीची पोरं, माउसनं छपरातून आत घुसायचो, भिंतीतून पलीकडं निघायचो. पाइपची डिझाइन करणारा आमचा शेख तर नुसता उडायचाच.

"ए शेख, भुतावानी छपरातनं कुटं शिरतोय? दारातनं ये."

"काका, वेळ वाचतो."

"तुजा वाचतो. उद्या तितं कामाला येनारा दारातनंच येनार हाय. त्याला दार सापडतंय का बघ की आदी."

मग शेख मुकाट्यानं बाहेर यायचा आणि दार शोधायचा. जिना असेल तर पायरी पायरीनं. तिसऱ्या मजल्यावर काका हात वर करायचे, "थांब रं, दम लागला." आम्ही हसायचो. पुढं शेख स्वतःच विचारायला लागला, "काका, टेकायचं का जरा?" काका म्हणायचे, "टेक." आणि दोघं खरोखर मिनिटभर गप्प बसायचे, समोर स्क्रीनवर जिन्याचा कठडा.

त्यांची स्मरणशक्ती हा ऑफिसातला खेळ होता. कागदावर ते काही टिपत नसत. कुणीही उठावं आणि विचारावं, काका, भोसरीच्या त्या दवाखान्याचा जिना?

"पायरी सा इंच दोन सूत. वरनं तिसरी पाच इंच सात सूत, गवंड्यानं चोरलीय."

एकदा शेखनं गाडी काढून जाऊन मोजून पाहिलं होतं. वरून तिसरी पायरी तेवढीच निघाली, सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही फरक नाही. शेख म्हणाला, "मी हार्ड डिस्क घ्यायला निघालो होतो, आता काकांनाच घरी नेतो." काका खूश झाले. कौतुक झालं की ते उगाच टेपची पट्टी सर्रकन बाहेर ओढायचे आणि सोडून द्यायचे. टेप कायम कमरेला.

आता माणसांविषयी.

काकांचं म्हणणं असं, की मशीनला पाइप दिसतो, बीम दिसतो. पाइपजवळ उद्या पाना घेऊन बसणारा माणूस दिसत नाही. रिकामी जागा त्याला रिकामीच वाटते. "त्याला पाठ न्हाई. वाकायचं दुक त्याला कळनार कसं?" म्हणून त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. प्रत्येक व्हॉल्व्हपुढं, प्रत्येक पॅनेलपुढं ते माणसाच्या मापाचं एक खोकं उभं करायचे. मॉडेलमध्ये घन, डोळ्यांना काचेसारखं. म्हणजे तिथं कुणी ट्रे आणून घुसवला की मशीन लाल दाखवणार, माणसाच्या अंगात ट्रे घुसला म्हणून.

आणि ही मापं पुस्तकातली नव्हती. ते आम्हाला उठवायचे, मोजायचे.

"बस. उकिडवा बस. आता पाना फिरव. कोपर कुटं लागतंय?"

शेख दोन टेबलांमध्ये उकिडवा बसून हवेत पाना फिरवतोय आणि काका त्याच्या कोपराला टेप लावतायत, हे ऑफिसात रोजचं होतं. फाइलमध्ये त्या खोक्यांना नावंही आमचीच. 'शेख बसलेला', 'शेख शिडीवर'. माझ्याही नावाचं एक होतं, सगळ्यांत रुंद. "कारखान्यात बारकीच मानसं भरती करत न्हाईत राव. तुज्यासारखा पोटवाला बी गेला पायजे आत."

महाळुंग्याचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग करणारा. त्याच्या मॉडेलात काकांनी अशी शेकड्यानं माणसं उभी केली होती. आग विझवायच्या पाण्याची मोठी लाइन माळ्यावरून जात होती आणि तिचा मुख्य व्हॉल्व्ह भिंतीजवळ होता. तिथं 'शेख शिडीवर' उभा होता आणि त्याच्या छातीतून वायरींचा ट्रे गेलेला. लाल. असे लाल ठिपके सगळ्या माळ्यावर. खऱ्या पाइप-बीमांचे क्लॅश आम्ही मिटवले होते. उरले होते ते सगळे काकांच्या माणसांचे. ते मिटवायचे तर ट्रे हलवायचे, म्हणजे वायरिंगवाल्यांकडं परत जायचं, म्हणजे पंधरा दिवस.

मॅडम, म्हणजे आमच्या बॉस, सकाळी म्हणाल्या, "दोन वाजता रिपोर्ट गेला पाहिजे. शून्य पाहिजे."

मी म्हणालो, "काकांच्या खोक्यांचे क्लॅश आहेत."

त्या म्हणाल्या, "बघा काय ते तुम्ही." आणि फोनवर गेल्या. काय बघायचं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

एकच्या सुमाराला काका डबा घेऊन गच्चीत गेले. ते रोज गच्चीतच जेवायचे. त्यांचं मशीन उघडंच होतं. मुख्य फाइल त्याच मशीनवर, आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ; काका तो ऑफिसभर ओरडून सांगायचे, "माज्या नावानं उगडा, चालतंय." मी त्यांच्या खुर्चीत बसलो. खोक्यांचा सगळा गट निवडला. माझ्या नावाचंही त्यात होतं, ते मला दिसलं. काढून टाकला. फाइल जतन केली. मशीनला पुन्हा क्लॅश शोधायला लावले. शून्य.

एवढंच. पाच मिनिटंही लागली नसतील. मी मनाशी म्हटलं होतं, रिपोर्ट गेला की उद्या परत घालू. दुसऱ्या दिवशी घातले नाहीत. परवाही नाहीत. विसरलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण विसरलेली गोष्ट माणसाला रोज सकाळी ऑफिसचा जिना चढताना आठवत नाही.

आठवड्यानं काकांनी ती फाइल उघडली. हेल्मेट घातलं, दारातून शिरले, जिना चढले, माळ्यावर आले आणि थांबले.

"माजी मानसं कुटं गेली?"

खोलीत मी एकटा होतो. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. रागानं नाही, चष्मा कुठं ठेवला म्हणून विचारावं तसं. आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच काढली असतील काका. मागच्या आठवड्यात फाइल साफ करत होता ना."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. इतकं सहज आलं की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"मी?" ते म्हणाले. मग स्क्रीनकडं बघत राहिले. "आसंल." मग बऱ्याच वेळानं, "मी काढली व्हय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ते परत घालतील, मग प्रश्नच मिटला, असं वाटलं. त्यांनी घातली नाहीत. रिपोर्ट गेला होता, वरून मंजुरी आली होती. आणि आपणच काढली असतील तर काही विचार करूनच काढली असतील, असं ते म्हणाले. स्वतःवर इतका विश्वास.

कारखाना बांधून झाला. आगीच्या लाइनची चाचणी ठरली तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळं आजूबाजूला सगळं गप्प. आम्ही चौघं खाली उभे होतो, मॅडम, शेख, काका, मी. क्लायंटचे मॅनेजर होते. एक फिटर व्हॉल्व्ह फिरवायला माळ्यावर चढला. भिंत आणि ट्रे यांच्यामधून वाकडा होऊन आत शिरला आणि अडकला. पुढंही जाईना, मागंही येईना. त्याचं ओरडणं गेटपर्यंत ऐकू गेलं असेल.

"आवो सायेब, डोकं आत आलंय, बाकीचा मी भाईरच हाय!"

ट्रे कापून त्याला काढायला पाऊण तास लागला. खरचटलं तेवढंच. खाली उतरल्यावर तोच आधी हसला, मग सगळे हसले. मॅनेजर हसले नाहीत. काकाही नाहीत. ते वर बघत होते आणि ओठ हलत होते. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "हितं शेख हुता. हितं मी शेख उबा केला हुता."

क्लायंटला नाव हवं होतं. फाइल आपला इतिहास ठेवते. कुणी, काय, कधी काढलं, सगळं. मॅडमनी तो कागद छापून टेबलावर ठेवला. वार, वेळ एक वाजून वीस मिनिटं, आणि काकांचं नाव. त्यांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ होता, पण ते कुणी बोललं नाही.

काकांनी कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "एक वीस." मग माझ्याकडं पाहिलं. "एक वीसला मी डबा खात हुतो. हुतो ना रं?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या, शेख बघत होता. हो म्हणायचं, एवढंच काम होतं. त्याच्या पुढचं काही मला कुणी विचारलंच असतं असं नाही.

मी म्हणालो, "आठवत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्याचं विसरणं त्यांना मान्य होतं. कागद खाली ठेवून, त्याची कड टेबलाच्या कडेला नीट लावून ते म्हणाले, "मग मीच."

कुणी त्यांना काढलं नाही. महिन्याभरात त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. शाल-श्रीफळ झालं. बोला म्हटल्यावर उभे राहिले, "डोक्यातलं पुसाय लागलं की मानसानं उटावं. दुसऱ्याला उटवाय लावू न्हाई." आणि बसले. शाल मीच घातली. दोन महिन्यांनी त्यांचं काम माझ्याकडं आलं, आणि मशीनही. पासवर्ड मी बदलला.

तीन वर्षं मी कासारवाडीला गेलो नाही. शेख जायचा, त्याचे वडील तिथंच गॅरेज चालवतात. तो अधूनमधून सांगायचा, काका आता बाहेर पडत नाहीत. म्हातारपण, असं आम्ही म्हणायचो.

मागच्या महिन्यात ते मला चिंचवडला बँकेत दिसले, काकूंबरोबर. मी खांबाआड झालो. खोटं कशाला सांगू. स्लिपवर सही करायची होती. काका पेन धरून काकूंना विचारत होते, "माजी सही अशीच हाय ना गं?" काकू म्हणाल्या, "अशीच आहे. करा." त्यांनी केली. मग पुन्हा, "हीच का?"

काकूंनी मला पाहिलं होतं. बाहेर पडताना क्षणभर मागं राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. दोनदा. काही नाही म्हणाले, वयाच्या मानानं डोकं उत्तम आहे. पण यांचा विश्वासच बसत नाही. म्हणतात, डॉक्टरला काय ठाऊक, कागदावर माझं नाव होतं."

त्या रविवारी मी गेलो. सकाळी दहाची वेळ. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला ओळखलं, पण ओळख दाखवण्याआधी काकूंकडं पाहिलं. काकूंनी माझं नाव घेतलं तेव्हा म्हणाले, "ये, ये. पोट वाडलं तुजं."

काकूंनी चहा ठेवला. मी कप हातात घेतला नाही. गाडीवर घोकत आलेली सगळी वाक्यं गेली. मी नुसतं सांगितलं. काका, तुमची माणसं मी काढली. तुम्ही गच्चीत डबा खात होता. तुमच्या खुर्चीत मी बसलो होतो. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो, आणि मॅडमसमोरही.

काकू दारात उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

काका हसले. इतकं मायेनं हसले की मला उठून पळावंसं वाटलं. "बगितलंस का गं," ते काकूंना म्हणाले, "केवडा भला हाय. म्हाताऱ्याचं मन राकाय आलाय."

"काका, खरं सांगतोय."

"आरं, कागदावर माजं नाव हुतं."

"नाव तुमचं होतं. खुर्चीत कोण बसलंय ते मशीनला दिसत नाही."

"त्ये खरं," ते म्हणाले. पण पटल्यासारखं नाही. "बरं, सांग, त्या दिशी माज्या डब्यात काय हुतं?"

"मला नाही माहीत. मी गच्चीत आलोच नव्हतो."

"मला म्हाईत हाय. शेपू हुती, भाकरी हुती, आन् ठेचा. पर ती त्याच दिशी हुती का दुसऱ्या, हे सांगाय कोन हाय?" त्यांनी हात उघडे केले. "तीन वरसं हेच चाललंय बग. समदं आटवतं. पर आटवतंय त्ये खरं का, ह्ये कुनाला इचारू?"

ऑफिसात जाऊन सगळ्यांसमोर सांगेन, असं म्हणालो. पुढं सांगितलंही, त्याचं जे व्हायचं ते होतंय. पण त्या सकाळी त्याचा काही उपयोग नव्हता. ते मला चहा घे म्हणत होते, निवतोय म्हणत होते, पाहुण्याला म्हणावं तसं.

मग सहज, बशी पुढं सरकवत, त्यांनी विचारलं, "बरं, आन् का केलंस म्हन?"

मी म्हणू शकलो असतो, मॅडमनी सांगितलं. नोकरी जाईल वाटलं. तुमची जागा हवी होती. यातलं थोडं थोडं खरंही असेल. तीन वर्षांत मी ही सगळी कारणं घालून पाहिली आहेत, आणि कुठलंच मापात बसलेलं नाही. त्या दिवशीचं कारण मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

"घरी नवा फ्रिज यायचा होता," मी म्हणालो. "तीन वाजता. दार उघडायला घरात कुणी नव्हतं. रिपोर्ट गेल्याशिवाय निघता येत नव्हतं."

"फ्रिज?"

"हो."

काकांचं हसू गेलं. एकदम नाही, हळूहळू. आधी डोळ्यांतून, मग ओठांवरून. मन राखायला आलेला माणूस असलं कारण घेऊन येत नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं असावं. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मला दिसत होतं की तो दिवस त्यांच्या डोक्यात परत जागेवर बसतोय. गच्ची, शेपू, भाकरी, एक वीस. मी वाट बघत होतो, आता शिवी देतील, चहा अंगावर टाकतील. मला ते हवंही होतं.

"एवडंच?" ते म्हणाले.

"एवढंच, काका."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. काकांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. मग माझ्याकडं न वळता, अगदी हळू, मागितल्यासारखं म्हणाले,

"कायतरी मोटं सांग की रं. तीन वरसं गेली माजी."

माझ्याकडं त्याहून मोठं काही नव्हतं.